झाकणावरचा राखाडी रंग

बाई, आज सकाळपासून घरात रंगाचा वास आहे आणि मी अंगणात खुर्ची टाकून बसलो आहे. नातीचं लग्न ठरलंय, म्हणून मुलानं घर रंगवायला काढलं. रंगारी चांगला आहे, हात सफाईचा आहे, पण आतल्या खोलीची पूर्वेकडची खिडकी त्यानं कडीबिजागरीसकट रंगवून टाकली. मी म्हटलं, "अगा, कडी सोडून रंगव. खिडकी चिकटून बसंन." तो ब्रश न थांबवता म्हणाला, "आजोबा, आता कोण खोलते ही खिडकी? इथं एसी लागून राह्यला ना." आतून मुलगा हसला. "बाबा, तुमचं आपलं काहीतरीच." मी उठून नळापाशी गेलो आणि ओकलो. सुनेला वाटलं वास चढला. तिनं लिंबू-पाणी आणून दिलं. मी तिला तसंच समजू दिलं. खरं म्हणजे रंगाऱ्याचं ते वाक्य मी आयुष्यात आधी एकदा ऐकलं होतं, हिंदीतून, एका जहाजावर. त्या जहाजाबद्दल तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता, आणि तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमची शाळाही दुसऱ्या जागी गेली. उत्तर अजून माझ्याकडेच आहे.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. रोहण्याच्या शाळेमागची ती दोन खोल्यांची जागा, मातीची चूल, चुलीवर खापराचा तवा. शनिवारी शाळा सुटली की मी पाठ केलेली कविता म्हणून दाखवायला यायचो आणि तुम्ही भाकर थापता थापता ऐकायच्या. वर्गात तुम्ही पुस्तकासारख्या बोलायच्या. आम्ही वहीत 'काऊन' लिहिलं की त्यावर लाल रेघ मारून 'का' लिहायच्या. पण चुलीपुढे बसल्या की तुमचीही बोली आमच्यासारखीच व्हायची. एकदा मी समुद्राची कविता चालीवर म्हटली, डोळे मिटून, हात हलवून. तुम्ही हसलात. "चाल ब्येस लावली रे तू. पण समुद्र पाह्यला का कधी?" मी म्हटलं, नाही. "मीबी नाई पाह्यला. आपण दोघं आंधळेच मंग. घे, पातोडीची भाजी खा." मी भाजी खाल्ली, आणि त्या दिवसापासून समुद्र पाहायचं मनात घेतलं. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी अशाच ठरल्या आहेत, कवितेच्या चालीवर. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. आता वाटत नाही.

सातवीतली ती भिंत तुम्हाला आठवत असेल. दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार म्हणून मुख्याध्यापकांनी आम्हाला चुना मारायला लावलं होतं. आपल्या वर्गाच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग होती, बोट जाईल एवढी. मी माती आणि चुना कालवून ती लिंपली, वरून दोन हात मारले, आणि लांब उभा राहून पाहिलं तर भेग होती हेही कळेना. तुम्ही आलात. मला वाटलं, शाबासकी. तुम्ही भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, "भेग बुजवली का लपवली रे तू?" मला फरक कळला नाही. "बुजवली असती तं बरं होतं. तू तं लपवली. साहेब पाहून जाईन आणि खाली लेकरं बसतीन." मग तुम्ही मला स्वयंपाकघरातून एक जुना चमचा आणून दिला आणि ती सगळी भेग माझ्याकडून पुन्हा कोरून काढली. पोरं हसत होती, मी रडत होतो. भेग मोकळी झाल्यावर तुम्ही पेन्सिलीनं तिच्या टोकाशी एक आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. दर महिन्याला एक रेघ. भेग रेघेच्या पुढे सरकत गेली. साहेबांनी ती पाहिली, मुख्याध्यापक महिनाभर तुमच्याशी बोलले नाहीत, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती भिंत उतरवून नवी बांधली. मला मात्र तेव्हा एवढंच वाटलं होतं की माझं सुंदर काम तुम्ही खराब केलं.

दुष्काळाच्या साली मी नौदलात भरती झालो. गावात त्या वर्षी विहिरींचे तळ दिसत होते आणि मी पाण्यावर राहायला निघालो, यावर सगळे हसत होते. तुम्ही आर्वीच्या एसटी स्टँडपर्यंत आलात. पिशवीतून सुतळीनं बांधलेली दहा पोस्टकार्डं काढलीत. दहाही कार्डांवर तुमच्या अक्षरात तुमचा पत्ता. "पत्ता मी लिहून देल्ला. बाकी तुले लिहा लागते. समुद्र कसा असते ते सांगजो. पुस्तकातला नको, पाह्यलेला सांगजो." एसटी हलली तेव्हा तुम्ही हात केला नाहीत, पदर सारखा केलात. त्या कार्डांपैकी नऊ मी पाठवली. पहिल्यावर लिहिलं होतं की समुद्र कापसाच्या शेतासारखा नाही, त्याचा वास लागतो आणि पोट उचलून येतं. त्यावर तुमचं उत्तर आलं होतं, 'आता खरं लिहिलंस.'

ते जहाज मला मिळालं तेव्हाच म्हातारं होतं. मी तोवर शिकून सवरून लीडिंग सीमन झालो होतो, हाताखाली चार खलाशी होते. आमचं काम डेकचं, दोऱ्यांचं आणि मुख्य म्हणजे रंगाचं. लोखंड समुद्रात राहतं तर गंजतं, आणि गंज खरवडून, खाली शेंदरी अस्तर देऊन मग राखाडी रंग द्यायचा, ही रीत. पण खरवडायला वेळ कुणाला होता? कुणी मोठा साहेब येणार म्हटलं की जुन्या रंगावर नवा रंग. पुन्हा साहेब आला, पुन्हा रंग. वर्षानुवर्षं. एकदा एका कोपऱ्यात रंगाचा पापुद्रा निघाला तर तो ज्वारीच्या भाकरीएवढा जाड होता आणि कडेनं पाहिलं तर त्याचे थर मोजता येत होते. मी त्याच्यावरही कविता केली होती, बाई. झाडाच्या खोडातली वर्तुळं, वगैरे. आमचा वरिष्ठ, ज्याला सगळे बफर म्हणायचे, डेकचा आणि रंगाचा कारभारी, तो पापुद्रा हातात घेऊन म्हणाला होता, "यही तो पकड़ के रखा है बुढ़िया को. लोहा तो कब का गया."

मग ठरलं की जहाज सेवेतून काढायचं. निरोपाचा समारंभ होणार, बँड वाजणार, ज्यांनी कधी काळी त्यावर नोकरी केली ते मोठमोठे अधिकारी येणार. त्यानंतर ते भंगारात जाणार. तेव्हापासून जहाजावर नवी वस्तू येणं बंद झालं. आग विझवायच्या पाण्याच्या नळ्या कुजल्या होत्या, मागवल्या नाहीत, कारण जहाज जाणारच. विझवण्याच्या बाटल्या भरून आणायच्या होत्या, आणल्या नाहीत, जहाज जाणारच. रंग मात्र आला, डबेच्या डबे. मरणाऱ्या माणसाला पाणी पाजायचं नाही आणि तोंडाला पावडर लावायची, असा तो प्रकार. त्या वेळी मला शिसारी यायला हवी होती. आली नाही. मी शीळ घालत रंगवत होतो.

पुढच्या डेकवर एक चौकोनी लोखंडी झाकण होतं. त्याच्याखाली भांडाराची खोली. त्या खोलीत जायचा नेहमीचा रस्ता आतल्या जिन्यानं, आणि हे झाकण फक्त संकटात बाहेर पडण्यासाठी. सहा क्लिपा फिरवल्या की आतून किंवा बाहेरून ते उघडतं. म्हणून नियम असा की क्लिपांच्या आट्यांना आणि कडेच्या रबराला रंग लागता कामा नये, तिथं ग्रीस. आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलेला नियम. मी ग्रीसचा डबा शोधत होतो तर बफर ओरडला, "अरे छोड़, अब इसको किसने खोलना है? हफ्ते भर की मेहमान है." मी झाकणावर रंग ओतला. क्लिपांवर, आट्यांवर, रबरावर, सगळीकडे. एक हात दिला आणि तो वाळायच्या आत दुसरा. लांब उभा राहून पाहिलं. कुठे झाकण आहे हेही कळत नव्हतं इतकं सुंदर.

भांडार सांभाळणारा गढवालचा होता, माझ्याच वयाचा. मी वही घेऊन बसतो म्हणून तो मला शायर म्हणायचा. "ओ शायर, आज समंदर में क्या दिखा?" हा त्याचा रोजचा सवाल, आणि मी काही सांगितलं की तो तोंड वाकडं करायचा. "मुझे तो पानी दिखा." मी झाकण रंगवत होतो तेव्हा तो खाली सामानाची मोजदाद करत होता. खालून त्यानं पान्यानं दोनदा टकटक केलं. "ओ शायर! मुझे अंदर ही पैक मत कर देना!" मी म्हटलं, "तू तो अब म्यूज़ियम का माल है, पड़ा रह." दोघंही हसलो. बाई, हे मी कुणालाही कधी सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, आतल्या जिन्याजवळच्या जुन्या वायरीनं पेट घेतला. शेजारीच आमचे थिनरचे डबे आणि चिंध्या. बाकीचं काम रंगानं केलं. भिंतींवरचे ते सगळे थर पेटले, फुगले आणि जळता रंग ठिबकू लागला. लोखंडाला आग लागत नाही, हे आम्ही गावाकडे सांगायचो. लोखंडाला लागत नाही, पण आम्ही ते लोखंड ठेवलं कुठे होतं? भोंगा झाला, नळ्या ओढल्या, पाणी सोडलं तर नळीला जागोजागी भोकं, पाण्याचं कारंजं उडालं आणि टोकाशी थेंब थेंब. एक जण त्या कारंज्यात भिजून हसायला लागला. भीतीनं हसतात तसा. तेवढ्यात पुढच्या डेकवरून आवाज आला. लोखंडावर पाना आपटल्याचा. खालून. तो जेवायला गेला नव्हता.

मी धावलो. झाकण बाहेरून उघडायला मी आणि बफर. क्लिपा हलेनात. शेवटी रंग खरवडायच्या हातोडीनं घाव घालून त्या मोकळ्या केल्या, पहारीनं झाकण उचकटलं. रबर रंगानं चिकटून आलं, लांब लांब तारा निघाल्या, ओल्या डिंकासारख्या. टकटक त्याच्या आधीच थांबली होती. धुरातून त्याला वर काढला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना आतल्या बाजूचा राखाडी रंग लागला होता. आतूनही मीच रंगवलं होतं ते.

चौकशी झाली. जमिनीवरच्या एका खोलीत, पंख्याखाली, तीन अधिकारी. आत जाण्यापूर्वी बफरनं माझी कॉलर नीट केली. "देख, लोहा गरम होता है तो फैलता है. क्लिप गर्मी से जाम हुई. बस. तेरे आगे पूरी नौकरी पड़ी है, मेरी पेन्शन." विचारलं, झाकण चालू स्थितीत होतं का? मी म्हटलं, "होतं साहेब. उष्णतेनं अडकलं." तसं लिहून घेतलं, मी खाली सही केली, चांगल्या वळणदार अक्षरात, तुम्ही शिकवलेल्या. मग चहा आला आणि बशीत बिस्किटं आली. मी बिस्किट खाल्लं. एक नाही, दोन.

समारंभ थोडे दिवस पुढे ढकलला, एवढंच. "जला हुआ दिखना नहीं चाहिए," असा हुकूम आला आणि आम्ही जळलेल्या भागावर रंग दिला. काजळी पुसलीही नाही धड. ते झाकणही मीच रंगवलं, पुन्हा. या वेळी आट्यांना ग्रीस लावलं, रबराला थेंब लागू दिला नाही. इतकं नीट काम मी सगळ्या नोकरीत केलं नसेल. मग बँड वाजला, पांढऱ्या गणवेशातले म्हातारे अधिकारी आले, एकानं भाषणात जहाजाला आई म्हटलं आणि डोळे पुसले. तो त्या झाकणावर उभा होता. ताज्या रंगाचा त्याच्या बुटाला डाग लागला तर बफर वाकून पुसायला धावला. आजही कुणी कशाला आई म्हटलं की मला तो बूट दिसतो.

आणि मग बाई, मी तुम्हाला पत्र लिहिलं. कार्ड नाही, चार पानांचं पत्र. त्यात ज्वाळा फाल्गुनातल्या पळसासारख्या होत्या. धूर दावं तोडून पळणाऱ्या बैलांसारखा होता. म्हातारं जहाज स्वतःच्या सरणाकडे निघालेल्या राणीसारखं होतं. एका मित्राला वाचवण्यासाठी मी जळत्या डेकवरून धावलो, झाकणाशी झुंजलो, पण नियतीनं दार उघडलं नाही. नियतीनं! तो शब्द लिहिताना मला सुंदर वाटला होता. भावाचं पत्र आलं, की तुझं पत्र मुख्याध्यापकांनी बाईंकडून मागून घेतलं आणि सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढे वाचलं, साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या, बाबा रडले. त्यानंतर आठ दिवसांनी तुमचं कार्ड आलं. ते माझ्यासमोर आहे. 'पत्र सर्वांना आवडले. मी दोनदा वाचले. उपमा चांगल्या आहेत, पण पुष्कळ आहेत. झाकण काऊन उघडले नाही ते तू लिहिलेले नाही.' सगळं पुस्तकी, फक्त तेवढा एक 'काऊन'. तुमच्या लाल रेघेतून सुटलेला एकच. चुलीपुढे बसून विचारल्यासारखा.

मी उत्तर दिलं नाही. सुट्टीत गावी आलो की शाळेकडचा रस्ता टाळायचो. एकदा आर्वीच्या स्टँडवर तुम्ही बाकावर बसलेल्या दिसलात, मांडीवर कापडी पिशवी, चष्मा कपाळावर. मी रसवंतीच्या मागे जाऊन उभा राहिलो. चरकातून निघालेल्या चोयट्यांवर माश्या घोंगावत होत्या आणि एवढा मोठा माणूस, नौदलातला, त्या चोयट्यांत तोंड लपवून उभा होता, तुमची एसटी जाईपर्यंत.

मग नोकरी संपवून मी परत आलो आणि कळलं की तुम्ही सेवाग्रामच्या दवाखान्यात आहात. भाऊ म्हणाला, "बाई तुले इचारून राह्यली. जाऊन ये ना बाप्पा." मी संत्री घेऊन गेलो. तुम्ही इतक्या लहान झाल्या होत्या की चादरीखाली कुणी आहे असं वाटेना. मी स्टुलावर बसलो. तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत, आणि कसा आहेस असंही न विचारता म्हणालात, "एक कार्ड उरलं असंन ना रे तुह्याकडं?"

"हो बाई."

"मंग?"

मी म्हटलं, "संत्री आणली आहेत बाई, गोड आहेत." सोलायला घेतलं. तुम्ही पाहत राहिलात. मी एकेक फोड शिरा काढून, बिया काढून, बशीत मांडत गेलो, फार सुबक. तुम्ही एकही खाल्ली नाही. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

ते दहावं कार्ड हे असं इथे आहे, मांडीवर. पत्ता तुमच्या अक्षरात, शाई तपकिरी झाली आहे. आत रंगाऱ्यानं मोबाइलवर गाणी लावली आहेत. मघाशी मी जेवायच्या सुट्टीत आत जाऊन त्या खिडकीच्या कडीवरचा रंग चमच्यानं खरवडला. पुरता निघाला नाही, पण कडी हलते. मुलगा चिडेल. चिडू दे.

कार्डावर लिहायचं ते आता लिहितो. झाकण मी रंगवलं होतं, आट्यांसकट, म्हणून ते उघडलं नाही. एवढं लिहून थांबलो असतो तर तुम्ही पुन्हा 'मंग?' म्हणाल्या असत्या, म्हणून तेही लिहितो. रंग खरवडायची ती हातोडी आधीपासून माझ्याच कमरेला होती. खालून टकटक येत होती, आणि मी पहिल्यांदा खिशातून चिंधी काढली. क्लिपेभोवती गुंडाळली आणि हातानं जोर लावून पाहिला. बफर येऊन ओरडेपर्यंत. ताज्या रंगावर ओरखडा पडू नये म्हणून.

सगळं मावलं, बाई. खाली दोन ओळींची जागा उरली आहे.